कोकणात .३२ पिस्तूल घेताय? आधी मॅगझिन बघा

परवाना हातात आला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: वजन किती? तो शेवटी विचारा. रत्नागिरी असो की मालवण, खाऱ्या हवेत आधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

कॅलिबर पटकन उरकू. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं माप, म्हणून कमरेला मावणारं पिस्तूल म्हणजे बहुधा .३२, 'अशनी' या देशी पिस्तुलासारखं. पण .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं. त्याचं पितळी नळकांडं साधारण २३ मिमी लांब, पिस्तुलाचं १७. परवान्यावर नुसतं '.३२' दिसतं आणि लोक फसतात.

(कॅमेरा जवळ. हातात डमी काडतुसं.)

ही बुडाची कड बघा. नळकांड्यापेक्षा जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी. ही बघा, आता मी मुद्दाम मागे सरकवली. वरचं काडतूस पुढे जाईल? नाही, अडकलं. याला रिमलॉक म्हणतात. काडतूस आखूड पडलं की मॅगझिनमध्ये पुढेमागे जागा उरते आणि घाटातल्या खड्ड्यांत स्कूटरवर धक्के बसून हे होऊ शकतं. स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, कितीही ओढा, बहुतेक वेळा सुटत नाही. मॅगझिनच बदलावं लागतं. म्हणून एकच मॅगझिन मिळत असेल तर मी ते पिस्तूल घेणार नाही.

आता स्लाईड. या पिस्तुलांत नळी जागची हलत नाही, मागचा धक्का स्लाईडचं वजन आणि स्प्रिंग झेलतात, म्हणून स्प्रिंग ताठ असते. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामा असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि ओल्या हाताने दहादा ओढा. आठव्या वेळेला बोटं घसरली तर पावसाळ्यात काय होईल ते कळलंच. 'आधी दोनशे गोळ्या झाडून बघा' हा सल्ला अमेरिकेतल्या चॅनेलवर ठीक; आपल्याकडे काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो. तेव्हा हाताने बघता येईल ते सगळं दुकानातच बघा.

बाळगताना २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात आणि पूर्ण झाकलेलं हवं. झाकलं म्हणजे घामाशी गाठ. काळा मुलामा गंज थोपवत नाही, फक्त उशीर करतो. गंज आधी मुठीच्या पट्ट्यांखाली, स्क्रूंच्या खाचांत आणि मॅगझिनच्या स्प्रिंगवर धरतो. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, मग शस्त्रांच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको! थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं. चेंबर मात्र कोरडा ठेवा. तेल काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपलं तर ते फुसकं निघू शकतं.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून झोपणं तर सर्वांत वाईट, चामडं ओल धरून ठेवतं. कुलपाच्या डब्यात सिलिका जेल घाला, आणि डबा जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आषाढात ती भिंत पाझरते.

घराच्या बचावासाठी भिंतीच बघा. चिऱ्याची भिंत .३२ची गोळी अडवते, माजघरातलं प्लायवूडचं पार्टिशन अडवत नाही. पलीकडे कोणाची खाट आहे?