शिपायांनी गावात शिरू नये

अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. पाचव्या शतकात त्याचं नाव होतं चर्मांक. मधुनदीच्या काठावरचं, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या भोजकट राज्यातलं गाव. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन गादीवर आल्याला 18वं वर्ष चालू होतं, तेव्हा त्यानं हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं. राजाच्या मापानं 8000 भूमी; भूमी हे तेव्हाचं जमीन मोजायचं माप. दानाच्या ताम्रपटावर नावं मात्र 49 जणांचीच कोरलेली आहेत.

आता गाव दिलं म्हणजे नेमकं काय दिलं? ताम्रपटात त्याची यादीच आहे, आणि ती मुरलेल्या कारकुनाच्या हातची वाटते. या गावानं कर द्यायचा नाही. राजाच्या शिपायांनी, सैनिकांनी गावात पाऊल टाकायचं नाही. पाळीपाळीनं गाई-बैल पुरवायचे नाहीत, फुलं नाहीत, दूध नाही. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला बसायला कातडं आणि शेकोटीला कोळसा, तोही नाही. मिठावरचा राजाचा हक्क सुटला. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही दान घेणाऱ्यांचं. आणि वेठबिगार माफ.

हीच यादी उलटी वाचा. ज्या गावांना माफी नव्हती, तिथं सरकारी माणूस आला की काय काय हजर करावं लागत असेल, ते सगळं कळतं! तेव्हाची राजसत्ता सामान्य माणसाला भेटायची ती अशी, दुधाच्या भांड्यातून आणि कोळशाच्या टोपलीतून.

पण प्रवरसेन भोळा नव्हता. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकेल, असं म्हणून त्यानं लगेच अटी घातल्या. या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, राजाला विष घालू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. यातलं काही केलं, तर जमीन परत घेण्यात राजाला चोरीचं पाप नाही. दान घेणारे उद्या शस्त्र उचलतील, ही शंका त्याच्या मनात होतीच.

आणि कसणारे? प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा ताम्रपट ऋद्धपूरला मिळाला. त्यात तिनं एक शेत दिलं, शेतावरचं घर दिलं आणि कुणब्यांची चार घरंही दिली. त्या घरांत राहणाऱ्यांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

इतिहासकार रामशरण शर्मांच्या मते अशा दानांमुळेच राजाची सत्ता झिरपत गावोगावच्या जमीनधारकांकडे गेली आणि भारतात सामंतशाही आली. हरबन्स मुखियांनी 1981 मध्ये त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, इथला शेतकरी आपली शेती आपल्याच साधनांनी करत होता, तो युरोपातल्या भूदासासारखा, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला, नव्हता. मला शर्मांचं म्हणणं विदर्भापुरतं तरी अर्धंच पटतं. चम्मकच्या अटी वाचल्या, की राजानं दोर पूर्ण सोडलेला दिसत नाही.

पुढच्या राजानं दान मोडू नये म्हणून ताम्रपटांत शापाचे श्लोक असायचे. दिलेली जमीन हिरावणाऱ्याला लाख गाई मारल्याचं पाप लागेल, असे. काही शतकांनी शिलाहार राजांच्या कोकणात तेवढ्यानं भागेना. तिथं दानाच्या शिळेवर गाढव आणि बाई कोरून दान मोडणाऱ्याला आईवरून शिवी दिली जाऊ लागली. यांनाच आपण गद्धेगाळ म्हणतो. पापाच्या धाकाला न जुमानता जमिनी हिसकावणारे बरेच असणार, त्याशिवाय राजदरबार शिवीगाळीवर उतरला नसता.