साबणाचा इतिहास, खाराच्या बाजूने

मंडळी, साबणाची गोष्ट सांगताना बहुतेक जण तेलापासून सुरुवात करतात. पण तेल आणि चरबी माणसाकडे पहिल्यापासून होतीच. घोडं अडत होतं ते खारापाशी, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या अल्कलीपाशी, म्हणून आज त्याच बाजूने बोलू.

जुनी कृती राखेची. बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यात पेंढा घालायचा, त्यावर चाळलेली लाकडाची राख दाबून भरायची आणि पावसाचं पाणी थोडं थोडं ओतायचं. विहिरीचं पाणी नको, त्यातला चुन्याचा अंश पुढे नडतो. खाली तपकिरी पाणी ठिबकतं. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते सौम्य असल्याने काम अर्धवट राहतं. म्हणून कळीचा चुना भिजवून त्यात घालायचा आणि उकळायचं. पांढरा गाळ तळाशी बसतो, वर कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचा तीव्र खार, उरतं. त्याची तीव्रता पाहायला ताजं अंडं सोडत. नाण्याएवढा भाग वर दिसला की ठीक. बुडालं तर पाणी आटवायचं, फारच वर आलं तर पाणी घालायचं.

एवढं करूनही साबण होतो तो मऊ, मलमासारखा. वडी हवी तर उकळत्या साबणात मीठ टाकावं लागतं. मिठातलं सोडियम पोटॅशियमची जागा घेतं, साबण फुटून वर येतो आणि ग्लिसरीन मिसळलेलं खारं पाणी खाली राहतं. खोबरेलाचा साबण मात्र हट्टी, भरपूर मीठ घातल्याशिवाय वेगळाच होत नाही. याच गुणामुळे तो समुद्राच्या पाण्यातही फेसतो आणि खलाशांच्या कामाला आला. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपांच्या राखेत मुळातच सोडा, म्हणजे सोडियमचा खार, असे. सीरियातल्या अलेप्पोचा आणि फ्रान्समधल्या मार्सेयचा साबण कडक का, याचं उत्तर त्या राखेतही आहे.

फ्रेंच रसायनतज्ज्ञ निकोला लब्लांने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याचं पेटंट घेतलं. मिठावर गंधकाम्ल, मग आलेला पदार्थ कोळसा आणि चुनखडीबरोबर भाजायचा. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचा कारखाना सरकारजमा झाला आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या पद्धतीने सोडा स्वस्त झाला, पण धुराड्यांतून सुटणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने आसपासची शेतं जळाली. ब्रिटनला १८६३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुढे सोडा करण्याची सॉल्व्हे या बेल्जियन रसायनतज्ज्ञाची अमोनियाची पद्धत आली आणि लब्लांच्या भट्ट्या हळूहळू विझल्या. मधल्या काळात, १८२३ मध्ये, शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने चरबीत मेदाम्लं आणि ग्लिसरीन असतं हे मांडलं. कुठल्या तेलाला किती खार, हा हिशेब त्यातूनच पुढे मांडता आला.

आपल्या बेळगाव भागात या खटाटोपाची निकड कमी होती. खानापूरच्या जंगलात शिकेकाई होती, रिठा बाजारात मिळे. त्यांचा फेस सॅपोनिन या झाडातल्या फेसाळ द्रव्याचा, त्याला ना कॉस्टिक लागतं ना तेल. जड, म्हणजे चुन्याचा अंश जास्त असलेल्या, पाण्यातही तो साबणासारखा फुटत नाही. शहापूर-वडगावच्या रेशमी साडीला आजही रिठाच बरा, कारण खार रेशमाचा धागा खातो.

घरी करायचा तर हे प्रमाण घ्या: खोबरेल ५०० ग्रॅम, शेंगतेल ४००, एरंडेल १००, कॉस्टिक सोडा १५०, पाणी ३०० ग्रॅम. सगळं वजनावर, मापी पेल्यावर नाही. यात सुमारे ५ टक्के तेल मुद्दाम मोकळं राहतं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. सोड्याचं पाणी आणि तेलांचं मिश्रण, दोन्ही ४० अंशांच्या आसपास आली की एकत्र करून घोटायचं, चमच्याची धार वर क्षणभर उठून दिसेपर्यंत.

इथे एक फसगत होते. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत खोबरेल गोठू लागतं, मिश्रण घट्ट दिसतं आणि साबण झाला असं वाटतं. साच्यात तेल वर येतं, आत कॉस्टिकचे कप्पे राहतात. अशी वडी वापरू नका, पुन्हा वितळवून घोटा. बरणी उघडी राहिलेला जुना कॉस्टिक सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मंद होतो. मग प्रमाण बरोबर असूनही वडी तेलकट राहते. चार ते सहा आठवडे वाळवणं आवश्यक, पण जून ते सप्टेंबर टाळा. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि वड्यांना घाम सुटतो.

आता पाण्याचं. खानापूरकडच्या जांभ्या दगडातलं पाणी मऊ, अथणी-गोकाककडच्या काळ्या मातीतल्या विहिरींचं बहुधा जड. लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा असेल तर १५ लिटरच्या बादलीत जवळजवळ १८ ग्रॅम साबण फेस येण्याआधीच चुन्याशी लागून वाया जातो. त्याऐवजी ९ ग्रॅम खडेदार धुण्याचा सोडा पुरतो. मात्र सोडा आधी विरघळवा, साबण मागून. उलट केलंत तर तयार झालेला करडा साका कपड्यातच अडकतो.