आधी वासरू, मग खरवस

(दृश्य: पहाट. नागपूरजवळच्या गावातला गोठा. नुकतीच व्यालेली गवळाऊ गाय वासराला चाटते आहे.)

वासराला जन्मून अर्धा तासही झालेला नाही. चारही पाय चार दिशांना, तरी उठायची धडपड. या क्षणी त्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं (अँटिबॉडीज), जवळपास नाहीतच. माणसाचं बाळ आईच्या वारेतून ती घेऊनच जन्माला येतं. गाईची वार त्यांना पलीकडे जाऊ देत नाही. मग गाय दुसरी वाट काढते. व्यायच्या आधीच्या आठवड्यांत तिच्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत उतरू लागतात. इतकी, की तिच्या स्वतःच्या रक्तातला साठा घटतो.

कासेत साठतो तो चीक.

(दृश्य: चरवीत पिवळसर, घट्ट चीक.)

चांगल्या चिकात लिटरमागे 50 ग्रॅमहून जास्त प्रतिपिंडं असतात. नेहमीच्या दुधात एक ग्रॅमदेखील मुश्किलीनं. विरजण नाही, अंडं नाही, तरी खरवस नुसत्या वाफेवर थिजतो तो याच प्रथिनांमुळे. उष्णतेनं ती गोठतात. वेलची-जायफळ लावून आपण चवीनं खातो, त्यात वासराच्या वाट्याची प्रतिपिंडं बरीच असतात. खरवस आम्हालाही आवडतो, खोटं कशाला बोला.

(दृश्य: सेमिनरी हिल्स. 1958 साली सुरू झालेलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय. मग प्रयोगशाळेतली काचेची नळी.)

ही प्रतिपिंडं वेगळी कशी काढतात? मानेच्या शिरेतून घेतलेलं रक्त नळीत गोठू देतात. गुठळी खाली बसते, वर सोनेरी सीरम उरतं. त्यात बर्फावर, थेंबाथेंबानं अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडतात. हो, शेतकरी खत म्हणून टाकतो तेच, फक्त शुद्ध केलेलं. निम्म्याच्या आसपास संपृक्तता आली की सीरम गढुळतं. हे सल्फेट पाणी ओढून घेतं, प्रतिपिंडं साका होऊन खाली येतात आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिन द्रावणातच राहतं. मग तो साका विरघळवून बारीक छिद्रांच्या पिशवीत भरायचा आणि सल्फेट धुऊन काढायचं.

दुधाची रीत वेगळी. आधी साय काढायची. मग आम्लता 4.6 पीएचवर आणली की केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, फाटून बाजूला होतं, प्रतिपिंडं निवळीत राहतात. पनीरवाला ओतून देतो तसंच हे पाणी. पण तो दूध उकळतो, आणि उकळलं की प्रतिपिंडं निकामी. इथं सगळं थंडाव्यात.

शेवटी जेलवर तपासणी, म्हणजे जेलीसारख्या थरात विजेनं प्रथिनांचे तुकडे आकारानुसार वेगळे करायचे. शुद्ध आयजीजीचे (प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) दोन पट्टे दिसतात, एक 50 हजार डाल्टनजवळ (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), दुसरा 25 हजारांजवळ. नमुना रक्ताचा असो की चिकाचा, पट्टे तेच. गाईच्या चिकातलं आयजीजी मुख्यतः रक्तातूनच आलेलं असतं.

(दृश्य: दुधाची नळी, वरच्या सायीत निळं कडं.)

प्रतिपिंडं रोगाची चुगलीही करतात. ब्रुसेल्लोसिस या जंतूंच्या रोगानं गाय गाभडते, आणि तो माणसालाही होतो. निळ्या रंगानं रंगवलेले या रोगाचे मेलेले जंतू दुधात टाकून तासभर उबेत ठेवतात. त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं असली, तर सायीवर निळं कडं उमटतं. मात्र चिकावर किंवा कासदाह झालेल्या दुधावर ही चाचणी फसवते. कडं दिसलं तरी रक्त तपासल्याशिवाय गाईवर शिक्का मारायचा नाही.

(दृश्य: पुन्हा गोठा. उन्हं वर आली आहेत.)

अनेक गोठ्यांत अजून ऐकू येतं, “वार पडल्याशिवाय पाजू नका.” वार पडायला आठ-दहा तास सहज जातात. तेवढ्यात वासराच्या आतड्याची दारं मिटत चाललेली असतात. चोवीस तासांनंतर चीक प्यायला तरी त्यातली प्रतिपिंडं रक्तात पोचत नाहीत. म्हणून पहिल्या दोन तासांतच पाजायचं, 25 किलोच्या वासराला अडीच लिटरच्या आसपास.

या गाईची वार अजून लोंबते आहे. वासरानं सड तोंडात धरला आहे आणि त्याची शेपटी हलते आहे.