समुद्राच्या तळाची पीक पाहणी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. तरीही आज मी समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवताबद्दल बोलणार आहे. खरं तर त्याचा नकाशा कसा करतात, याबद्दल. परभणी-जालन्याच्या माणसाला विषय लांबचा वाटेल. पण हा नकाशा करताना जी अडचण येते, ती बांधावर उभं राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी भरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे.

आधी गवताची ओळख करून देतो. शाळेत एक आकृती आपण सगळ्यांनी काढलेली आहे. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्यावर उपडी परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे वर येतात, तो ऑक्सिजन. हे हायड्रिला आपल्या तळ्यांत, विहिरींत, जायकवाडीच्या नाथसागरात वाढतं. हिवाळ्यात चांदवे पक्षी थव्यानं येतात ते अशाच पाणवनस्पतींवर चरायला. या हायड्रिलाच्या कुळातले काही भाऊबंद खाऱ्या पाण्यात राहायला गेले. हॅलोफिला, थॅलासिया, एनहॅलस ही त्यांची नावं. यांना आणि अशाच आणखी काही कुळांतल्या वनस्पतींना मिळून समुद्रगवत म्हणतात. जगभरात त्यांच्या साधारण साठ-सत्तर जाती आहेत. शेवाळाशी त्यांची गल्लत करू नका. यांना मुळं असतात, जमिनीखाली आडवं धावणारं खोड असतं, फुलं येतात, बी धरतं, आणि परागीभवनसुद्धा पाण्यातच होतं. एनहॅलसची नरफुलं तर सुटून पाण्यावर तरंगत जातात आणि मादीफुलाला गाठतात.

उथळ उपसागरात आणि खाड्यांत या गवताची कुरणं असतात. कोळंबी आणि माशांची पिल्लं त्यात लपून वाढतात. मुळं चिखल धरून ठेवतात, त्यामुळे पाणी नितळ राहतं. पानं आणि मुळं कुजून जो कार्बन तळच्या गाळात गाडला जातो, तो कुरण शाबूत असेपर्यंत तिथंच राहतो. ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय, ती तर याच चाऱ्यावर जगते. मोठं जनावर दिवसाला तीस-चाळीस किलो गवत मुळासकट उपटून खातं आणि कुरणात नांगराच्या तासासारखी लांब चरी मागे ठेवतं. ड्रोनच्या छायाचित्रात या चरी दिसतात, आणि गाय स्वतः दिसली नाही तरी ती येऊन गेली हे कळतं.

आता नकाशाकडे येतो.

चेन्नईला राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र आहे. तिथल्या अभ्यासकांनी देशभरच्या समुद्रगवताचा उपग्रहचित्रांवरून हिशेब मांडला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बेरीज आली सुमारे ५१७ चौरस किलोमीटर. हा आकडा किती मोठा? आपला नाथसागर काठोकाठ भरला की त्याचं पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. म्हणजे गुजरातपासून बंगालपर्यंतचा किनारा, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, सगळं धरून दीड नाथसागर. त्यातलाही मोठा वाटा तमिळनाडूजवळच्या पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात आहे. पाल्कच्या उपसागरात तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांलगतचं ४४८ चौरस किलोमीटर पाणी सप्टेंबर २०२२ मध्ये ड्युगाँगसाठी राखीव झालं. कुरण कुठं आहे हे माहीत नसतं, तर राखीव क्षेत्राची हद्द कुठून कुठपर्यंत आखायची, हेही ठरवता आलं नसतं.

पण हा आकडा ऐकताना एक ध्यानात ठेवायला हवं. ५१७ म्हणजे दिसलेलं गवत. न दिसलेलं किती, ते या आकड्यात येत नाही.

सोयाबीन उपग्रहाला कसं दिसतं? हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पीक जोमात असलं की तो जास्त, वाळलं की कमी. पिकाखालचं क्षेत्र, दुष्काळाचा अंदाज, हे सगळं या फरकावर चालतं. समुद्रगवतही हिरवंच आहे, तेही अवरक्त प्रकाश परत फेकतं. पण वर पाणी आहे, आणि पाणी हा प्रकाश अर्ध्या-एक मीटरमध्ये गिळून टाकतं. तांबडा प्रकाश त्याच्यापेक्षा थोडा खोल जातो आणि संपतो. खाली पोचतात ते हिरवा आणि निळा. म्हणजे शेतीसाठी जे हत्यार सगळ्यात धारदार, ते इथं बोथट. उरलेल्या दोन रंगांत फिकट वाळू आणि काळपट गवत एवढा भेद कळतो. मग काळपट शेवाळ, काळा चिखल, किंवा नुसतंच खोल पाणी, सगळं गवतासारखं दिसायला लागतं.

खोलीचा गोंधळ सोडवायला एक छान युक्ती आहे. चित्रात नुसती वाळू असलेल्या जागा शोधायच्या, काही उथळ, काही खोल. वाळू तीच, पण खोलीनुसार तिचा निळा आणि हिरवा किती मंद होतो हे मोजायचं. त्या दोघांचं एकमेकांशी नातं सापडलं की खोलीचा परिणाम गणितानं वजा करता येतो, आणि जे उरतं ते तळाचं. डेव्हिड लायझेंगा नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७८ मध्ये याचा पाया घातला. पाणी नितळ असेल तर युक्ती सुरेख चालते. गढूळ खाडीत चालत नाही, कारण तळापर्यंत जाऊन परत येणारा उजेडच नसतो.

गढूळ पाण्याचा फटका गवतालाही बसतो. पृष्ठभागावरच्या उजेडाच्या सरासरी दहा-अकरा टक्के तरी उजेड तळाशी लागतो, तेव्हा कुठं ते तगतं. मोठ्या नद्या जिथं गाळ आणून ओततात तिथं अशी दाट कुरणं शोधून सापडणार नाहीत, आणि पाल्कच्या उपसागरात ती का आहेत याचं एक उत्तर यातच आहे. आपली गोदावरी पैठण, गंगाखेड, नांदेड करत पुढं राजमहेंद्रीपलीकडे बंगालच्या उपसागराला मिळते. पाऊसकाळात ती काय रंगाचं पाणी घेऊन जाते, ते नांदेडच्या घाटावरून आपण पाहतोच.

पश्चिम किनाऱ्यावर, कोकणाकडे, वेगळीच गंमत आहे. इथल्या खाड्यांच्या चिखलात हॅलोफिला बेकारी नावाची जात आढळते. अगदी चिमुकली. पान भाल्याच्या पात्यासारखं, लांबी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ही रोपं चिखलावर आडवी पडलेली असतात आणि त्यांच्यावर गाळाचा थर असतो. वाकून बोटानं गाळ बाजूला केला तर हिरवं दिसतं, नाहीतर नुसताच चिखल. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ही जात असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे.

हिचा नकाशा उपग्रहावरून करायचा म्हटलं तर काय होतं पाहा. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह फुकट चित्रं देतो, त्याचा एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर. म्हणजे एका गुंठ्याएवढा ठिपका. त्यात चार ठिकाणी तळहाताएवढं गवत असेल तर ते चिखलात विरून जातं. दुसरं म्हणजे वेळ. असे उपग्रह एका जागेवरून नेहमी ठरल्या वेळीच जातात, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला. समुद्राचं वेळापत्रक चंद्रावर चालतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची मोठी भरती मुंबईकडे दुपारी बाराच्या आसपास येते. मुंबईच्या पावसाच्या बातम्यांत ही वेळ तुम्ही ऐकली असेल. मग त्या दिवसाची मोठी ओहोटी लागते पहाटे नाहीतर संध्याकाळी. म्हणजे चिखल सगळ्यात जास्त उघडा पडतो तेव्हा उपग्रह तिथं नसतो, आणि तो येतो तेव्हा खाडी भरत आलेली असते. वर पावसाळ्याचे चार महिने ढग आणि गढूळ पाणी, ते वेगळंच. वर्षातली कामाची चित्रं मोजकीच हाती लागतात.

तेव्हा माणसालाच चिखलात उतरावं लागतं.

ही पद्धत जगभर साधारण सारखी आहे. किनाऱ्यापासून पाण्याकडे दोरी ताणायची. दोरीवर ठरलेल्या अंतरावर अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची. चौकटीत वरून सरळ खाली बघायचं आणि किती टक्के जागा गवतानं झाकली आहे ते लिहायचं. कोणती जात, शेवाळ किती, चिखल की वाळू, फोटो, जीपीएसची जागा, घड्याळातली वेळ. हे टक्के डोळ्यांनीच ठरवायचे असल्यामुळे नवख्यांना आधी नमुन्याचे फोटो दाखवून तयार करतात, नाहीतर एकाचे वीस ते दुसऱ्याचे चाळीस होतात. खोल पाण्यात बुडी मारणारे जातात किंवा होडीतून कॅमेरा सोडतात. पाणी फारच गढूळ असेल तर सोनार लावतात, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. गवताच्या पानांत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यावरून आवाज ठळक परततो.

अमेरिकेजवळच्या बहामा बेटांभोवती तर अभ्यासकांनी टायगर शार्कच्या पाठीवर कॅमेरे बसवले. शार्क आपल्या कामानं कुरणांवरून फिरत राहिले, माणसाला गाठायला अवघड अशा जागांचं चित्रीकरण होत गेलं. उपग्रहचित्रं आणि शार्कची चित्रं जुळवून २०२२ मध्ये तिथल्या कुरणांचा अंदाज निघाला ६६ हजार ते ९२ हजार चौरस किलोमीटर. खालचा आणि वरचा आकडा यांत २६ हजारांचा फरक आहे, आणि तो त्यांनी लपवला नाही. मला या अभ्यासातली ही गोष्ट शार्कपेक्षाही जास्त आवडली.

आता ई-पीक पाहणीकडे येतो. २०२१ पासून आपल्याकडे शेतकरी स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो काढतो, जागेसकट, आणि ते पीक सातबाऱ्यावर चढतं. हे लागतं, कारण वरून सगळं कळत नाही. सोयाबीनमधल्या तुरीच्या ओळी दहा मीटरच्या ठिपक्यात वेगळ्या पडत नाहीत. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही पिकं दिसतात. समुद्राच्या तळाला सातबारा नाही, तलाठी नाही, बांधावरून हुज्जत घालणारा शेजारीही नाही. नकाशात चूक झाली तर तक्रार करायला कोणी येत नाही. त्यामुळे चौकट घेऊन उतरलेल्या माणसाची नोंद तिथं आणखीच मोलाची.

या नोंदींचे दोन वाटे करायचे असतात. एका वाट्यावरून संगणकाला शिकवायचं, कोणता रंग म्हणजे गवत. दुसरा वाटा बाजूला झाकून ठेवायचा आणि नकाशा तयार झाल्यावर त्याच्यावर तपासायचा. ज्या जागांवरून शिकवलं त्याच जागांवर परीक्षा घेतली तर संगणक पैकीच्या पैकी मिळवणारच. नकाशाखाली अचूकतेची टक्केवारी छापलेली असते. ती कशावरून काढली, हे मी आधी बघतो.

आणि दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवताना तर जास्तच सांभाळावं लागतं. जुना नकाशा तीस मीटरच्या ठिपक्यांचा, नवा दहा मीटरचा. नव्यात गवत जास्त दिसलं, तर ते वाढलं की कॅमेरा सुधारला? पहिलं चित्र भरतीचं, दुसरं ओहोटीचं असेल तर? अशा तुलनेवरून ‘गवत वाढलं’ अशी बातमी करणं सोपं आहे, आणि तितकंच धोक्याचं.

पद्धत न बदलता सातत्य ठेवलं की काय हाती लागतं, ते अमेरिकेत फ्लोरिडाच्या टॅम्पा उपसागरात दिसतं. एकरांत सांगतो. १९५० च्या सुमारास तिथं सुमारे ४० हजार एकर समुद्रगवत होतं. शहरांचं सांडपाणी आणि खतांतला नायट्रोजन पाण्यात गेला, शेवाळ माजलं, उजेड अडला, आणि १९८२ पर्यंत निम्म्याच्या जवळपास उरलं. दरम्यान सांडपाणी शुद्ध करायची सक्ती झाली होती. १९८८ पासून साधारण दर दोन वर्षांनी विमानातून छायाचित्रं घेऊन नकाशा होऊ लागला. गवत हळूहळू परत येताना एकेका नकाशात दिसत गेलं, आणि २०१६ पर्यंत पुन्हा ४० हजार एकरांच्या वर गेलं. त्यानंतरच्या नकाशांत ते परत घटलेलंही दिसलं. नकाशा थांबला असता तर लोक २०१६ च्याच आनंदात राहिले असते.

शेवटी एक कामाची गोष्ट. दिवाळीनंतर आपल्याकडून मालवण, तारकर्ली, गणपतीपुळ्याला सहली निघतात. तिथं कुठं खाडी असेल, तर स्थानिक माणसाला विचारून, ओहोटीला, कडेकडेनं चिखल बघा. बारीक हिरवी पानं दिसली तर उपटू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे माप कळेल, वरून सरळ फोटो काढा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. सीग्रासस्पॉटर नावाचं ॲप आहे, त्यावर जगभरचे लोक असे फोटो चढवतात. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवलं तरी चालेल. आणि नीट शोधूनही काही सापडलं नाही, तर तेही जागा, तारीख आणि वेळेसकट वहीत लिहून ठेवा. नकाशावरची कोरी जागा दोन प्रकारची असते: गवत नाही म्हणून कोरी, आणि कोणी गेलंच नाही म्हणून कोरी. तुमच्या त्या एका ओळीनं पहिल्या प्रकारातली एक जागा पक्की होते.

नमस्कार.