आठ वारांचा चौकडा

(सेलकर्क. माग चालू. आधी थोडा वेळ नुसता खडखडाट.)

स्कॉटलंडच्या सीमाभागातली ही लोकरीची गिरणी. मागावर आहे टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचं कापड. जरा जवळ जाऊ. उभ्या ताण्यात लाल-काळे पट्टे. आडव्या बाण्यातही तेच, त्याच क्रमानं, तितक्याच धाग्यांचे. लालवर लाल आला की भरीव लाल. काळ्यावर काळा, भरीव काळा. आणि लालवर काळा आला की हा तिसरा रंग, जो कुणी रंगवलेलाच नाही! त्यातल्या बारीक तिरक्या रेघा बघा. दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, प्रत्येक फेरीत एक धागा सरकत गेलेली ही वीण. ६ रंग घेतले तर अशा २१ छटा मिळतात. ताणा भरताना एक धागा चुकला, तर ती चूक थानभर सोबत येते.

(संग्रहालय. काचेमागचा तुकडा.)

फॉल्कर्कला रोमन नाण्यांच्या मडक्यासोबत सापडलेला हा तुकडा तिसऱ्या शतकातला. तपकिरी आणि पांढरा, मेंढीच्या अंगावरचेच रंग.

कुळागणिक वेगळा चौकडा, हे बरंचसं नंतरचं. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणारे बंडखोर, हरले. पुढच्या वर्षापासून हायलँड्स या डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना टार्टनचा वेश बंद. फौजेला सूट. १७८२ मध्ये बंदी उठली आणि मग कापडवाल्यांच्या नमुना-वह्यांमधून नावं पक्की होत गेली.

(शिवणघर. लांब टेबल.)

आता किल्ट, म्हणजे पुरुषांचा कमरेला गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख. दुहेरी पन्ह्याचं चार वार कापड मधोमध उभं फाडलं, की झाले आठ वार. आपल्या नऊवारीपेक्षा एकच कमी. निऱ्या मात्र मागं. एकेका निरीत चौकड्याची एक पूर्ण आवृत्ती दुमडून जाते, वर दिसते जेमतेम इंचभर. खडूची खूण, टाचणी, हातटाका. पंचवीसेक निऱ्या झाल्या, की मागचा चौकडा पुढच्यासारखाच अखंड दिसतो. शिवणाऱ्या बाई मोजत नाहीयेत असं वाटतं. त्यांचे ओठ बघा.

खालची कड दुमडलेली नाही. मागावर विणलेला काठच गुडघ्यापाशी येतो.

(एडिनबरो, रॉयल माईल. दुकानाबाहेर टांगलेले किल्ट.)

हे पॉलिएस्टरचे. सीमाभागातल्या कितीतरी गिरण्या बंद झाल्या. घ्यायचाच असेल, तर खालची कड उलटून बघा.

(कॅमेरा कडेवर. मशीनची शिलाई.)