तिसावा गडी पहिला का सुटतो? स्कीइंग वर्ल्ड कपचा उलटा तीस

राम राम मंडळी. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलच्या डाउनहिलवर, म्हणजे बर्फावरून सुसाट उतरायच्या स्कीइंग रेसवर, एक छोटी क्लिप टाकली होती मी, आणि तिच्याखाली निम्म्या लोकांनी डाउनहिल सोडून स्लॅलमचंच, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या रेसचंच, विचारलंय. "दादा, पहिल्या राउंडला तिसावा आलेला गडी दुसऱ्या राउंडला सगळ्यात आधी का सुटतो?" सेलूच्या एका ताईंनी हा प्रश्न तीन व्हिडिओंखाली टाकलाय. जिंतूरच्या एका भाऊनं तर लिहिलं की ही चिटिंग आहे. त्यामुळं आज दुसरं काही नाही, फक्त हेच.

पाया पटापट सांगतो. आपल्याकडचा शंकरपट बघितलाय ना? एक जोडी सुटती, घड्याळ चालू, जोडी पोचली की घड्याळ बंद, मग दुसरी जोडी. अल्पाइन स्कीइंगचंही तसंच. एकेक जण पायाला स्कीच्या लांब पट्ट्या लावून बर्फाच्या डोंगरावरून खाली येतो, खांबांमधून वाट काढतो, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजतात. डाउनहिल म्हणजे निव्वळ वेग, तिथं ताशी 130 किलोमीटरच्या वरचा वेग नेहमीचा. सुपर-जी त्याच्याहून जरा वळणाची. जायंट स्लॅलम अजून वळणाची, आणि स्लॅलम म्हणजे सगळ्यात दाट खांब, पन्नास-साठ सेकंदांत साठेक वळणं. पहिल्या दोन प्रकारांत एकच फेरी. शेवटच्या दोन्हींत दोन फेऱ्या, आणि दोन्हींच्या वेळेची बेरीज. बेरीज हा शब्द धरून ठेवा, आपल्याला तोच लागणार आहे.

वर्ल्ड कप म्हटलं की आपल्याला क्रिकेटचा महिन्याभराचा वर्ल्ड कप आठवतो. हा तसा नाही, हा पूर्ण हिवाळ्याचा आहे. 1967 साली सुरू झाला, फ्रेंच पत्रकार सर्ज लांग यांचा त्यात मोठा वाटा. ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या हिमनदीवर पहिली रेस, मार्चच्या अखेरीस फायनल. मध्ये दर आठवड्याला नवा डोंगर: फिनलंडचं लेव्ही, जिथं जिंकणाऱ्याला रेनडिअर देतात, अमेरिकेतलं बीव्हर क्रीक, स्वित्झर्लंडचं वेंगेन, मग किट्झब्यूल. पहिल्याला 100 गुण, दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 60, मग 50, 45, 40 असं उतरत तिसाव्याला 1. हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त त्याला काचेच्या मोठ्या गोलाची ट्रॉफी.

"एका गुणानं काय होतं?" असं कुणी म्हणू नका. 2010-11 च्या हंगामात जर्मनीच्या मारिया रीशचे 1728 गुण झाले आणि अमेरिकेच्या लिंडसी वॉनचे 1725. तीन गुण! आणि शेवटची जायंट स्लॅलम हवामानामुळं रद्द झाली, म्हणजे वॉनला ते तीन गुण भरून काढायला रेसच मिळाली नाही. हे वाचलं तेव्हापासून मी तिसाव्या नंबरच्या गड्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो.

आता मूळ मुद्दा. पहिल्या फेरीत साठ-सत्तर जण उतरतात. त्यातले पहिले तीसच दुसऱ्या फेरीत जातात, आणि जातात उलटे. तिसावा आधी, एकोणतिसावा मग, आणि पहिल्या फेरीत पहिला आलेला सगळ्यात शेवटी.

का? आपल्या काळ्या रानात चला.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा-घर, गावापासून दीड किलोमीटरवर. पावसाळ्यात तिकडची वाट म्हणजे नुसतं काळं लोणी. सकाळी पहिला ट्रॅक्टर गेला तर वाट बरी असते. दुसरा गेला, तिसरा गेला, की चाकोरी पडती. मी दहावीला होतो तेव्हा चार ट्रॅक्टरच्या मागून काकांची मोटरसायकल घेऊन निघालो होतो. गाडीचं चाक चाकोरीत गेलं, आणि त्याच्यापुढं हँडल माझं राहिलं नाही, ते चाकोरीचं झालं. चाकोरी जिकडं वळली तिकडं गाडी वळली, आणि बांधावर जाऊन पडलो. डाव्या कोपरावर अजून खूण आहे, ही बघा.

स्लॅलमच्या उतारावर हेच होतंय. प्रत्येक जण खांबाच्या जवळून वळतो, स्कीची लोखंडी कड बर्फात रुतवतो, आणि तेवढा बर्फ खरवडून निघतो. वीस-पंचवीस जण गेले की प्रत्येक वळणावर नालीसारखी चाकोरी तयार. जो उशिरा येतो त्याला तिच्यातूनच जावं लागतं. कधी तिची कड ढासळलेली असते, कधी तिच्यात खड्डा असतो, आणि हे तो गडी तिथं पोचायच्या आधी वरून दिसत नाही.

पहिल्या फेरीत चांगल्या खेळाडूंना सुरुवातीचे नंबर मिळतात, वरच्या पंधरा जणांची चिठ्ठी निघते. म्हणजे ताजा उतार त्यांना. सत्तराव्या नंबरवाल्याला चाकोरी. मग दुसऱ्या फेरीत उलटं करतात: मागच्याला ताजा उतार, पहिल्याला चाकोरी. दुसऱ्या फेरीसाठी खांबही नव्यानं लावतात, वळणं बदलतात, त्यामुळं तो उतार तिसाव्या गड्यासाठी खरंच कोरा असतो. जिंतूरच्या भाऊ, आता सांगा, यात चिटिंग कुठं आहे? ज्यानं सकाळी कोऱ्या उतारावर वेळ कमावला, त्यानं दुपारी चाकोरीत तो राखून दाखवायचा.

इथं एक जण हमखास विचारतो की बर्फ एवढा मऊ असतो तर चाकोरी पडणारच. बाबांनो, मऊ नसतो! हे मला मनापासून सांगायचंय, कारण आपल्याकडच्या लोकांना बर्फ म्हटलं की सिनेमातला कापसासारखा बर्फ दिसतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते? आमच्या अंगणात गारांचा वीतभर थर साचला होता. हरभरा, गहू, सगळं आडवं. दुसऱ्या दिवशी वडील फावडं घेऊन तो थर काढायला गेले तर फावडं आत जाईना. गारा अर्धवट विरघळून रात्रीत एकमेकींना चिकटल्या होत्या, टणक फरशीच झाली होती. रेसचा उतार असाच मुद्दाम करतात. नोझल लावलेल्या लांब दांड्यानं बर्फाच्या आत दाबानं पाणी सोडतात, ते गोठलं की फरशी. ऊन जास्त असलं तर मीठही टाकतात, वरचा थर कडक व्हावा म्हणून. एवढ्या कडक फरशीवर चाकोरी पडती, यावरून त्या कडांवर किती जोर येत असेल ते बघा.

बरं, हीच गोष्ट दुसरीकडून. हिशेबाकडून. कारण सगळ्यात जास्त घोळ स्क्रीनवरच्या आकड्यांचा आहे.

(वही कॅमेऱ्यासमोर धरून)

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे एक पैसा धरा. एक सेकंद म्हणजे एक रुपया. समजा पहिल्या फेरीत अ ला 50 रुपये लागले आणि ब ला 50 रुपये 60 पैसे. दुसऱ्या फेरीत ब आधी उतरतो, त्याला 51 लागले. ब ची बेरीज 101 रुपये 60 पैसे. आता अ सुटायला उभा आहे. त्याच्या खिशात 60 पैसे शिल्लक आहेत, सुटायच्या आधीच. म्हणून स्क्रीनवर हिरवा आकडा. वरच्या टप्प्यावर बघितलं तर 45 पैसे उरले. मधल्या टप्प्यावर 25. लोक लगेच ओरडतात, "हरायलाय, हरायलाय!" हरत नाहीये तो, शिल्लक खर्च करायलाय! खाली पोचला तेव्हा त्याला 51 रुपये 50 पैसे लागले. या फेरीत तो ब पेक्षा अर्ध्या रुपयानं मागं, आणि तरी बेरीज 101 रुपये 50 पैसे. दहा पैशांनी जिंकला.

हिरवा आकडा म्हणजे खिशात शिल्लक आहे, लाल आकडा म्हणजे उसनवारी सुरू झाली. एवढंच. कृपा करून शेवटच्या गड्याची फेरी कापून "बघा, हा हळू आला आणि तरी याला पहिला नंबर दिला" असं ग्रुपवर फिरवू नका. मला तीन-चार जणांनी तसली क्लिप पाठवलीये. त्या माणसानं सकाळी कमावलेले साठ पैसे त्या क्लिपमध्ये कुठंच दिसत नाहीत. त्याची मेहनत कापून टाकली तुम्ही.

आता तिसऱ्या बाजूनं, आणि ही माझी सगळ्यात लाडकी. 4 फेब्रुवारी 2024, फ्रान्समधलं शामोनी, पुरुषांची स्लॅलम. पहिल्या फेरीत फ्रान्सचाच क्लेमां नोएल पुढं, घरचा उतार, घरचे लोक. स्वित्झर्लंडचा डॅनियल यूल तिसावा. शेवटच्या पात्र जागेवर, नोएलपेक्षा 1 रुपया 93 पैशांनी मागं. स्लॅलममध्ये दोन रुपये म्हणजे डोंगराएवढं कर्ज.

नियमाप्रमाणं यूल पहिला सुटला. ऊन होतं, उतार हळूहळू खचत चालला होता, पण त्याला तो कोरा मिळाला. तो खाली आला आणि फिनिशपाशी पुढं असणाऱ्याच्या जागेवर जाऊन थांबला. एकोणतिसावा आला, मागं पडला. अठ्ठाविसावा, मागं. मी तेव्हा वहीत नुसत्या फुल्या मारायलो होतो. वीस उरले, पंधरा उरले, प्रत्येक जण वरून शिल्लक घेऊन निघायचा आणि खाली येईपर्यंत खिसा रिकामा. शेवटी नोएल. 1 रुपया 93 पैसे खिशात घेऊन सुटला. खाली तिसरा. यूल जिंकला, त्याच्याच देशाचा लोइक मेयार दुसरा. तिसाव्या जागेवरून वर्ल्ड कपची स्लॅलम जिंकणारा यूल पहिला माणूस.

नोएलनं काही मोठी चूक केली नाही हो. तो चाकोरीत गाडी चालवत होता, एवढंच. माझ्या कोपराला ते कळतंय.

असं रोज होतं का? नाही, रोज होत नाही. थंडी कडक असली, उतार टिकला, तर पुढचा पुढंच राहतो, आणि अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनसारखी खेळाडू असली तर शिल्लक आणखी वाढवून घेते. तिनं 23 फेब्रुवारी 2025 ला इटलीतल्या सेस्त्रिएरेच्या स्लॅलममध्ये वर्ल्ड कपचा शंभरावा विजय मिळवला. त्याआधी नोव्हेंबरात अमेरिकेतल्या किलिंग्टनला शंभराव्यासाठीच उतरताना पडली होती, पोटाला खोल जखम झाली होती. त्यातून उठून शंभर. चाकोरीत उभं राहायची ताकद म्हणजे काय ते तिच्या गुडघ्यांकडं बघा, वरचं अंग हलत नाही आणि पाय खाली शिवणयंत्रासारखे चालतात.

एक कमेंट राहिली. "आपल्या परभणीत मे महिन्यात 44 डिग्री, आपला या खेळाशी काय संबंध?" मित्रा, वेंगेनला जानेवारी 2022 मध्ये लुकास ब्रोटेन नावाचा गडी एकोणतिसाव्या जागेवरून स्लॅलम जिंकला, तेव्हा नॉर्वेकडून. त्याची आई ब्राझीलची. पुढं तो ब्राझीलकडून खेळायला लागला, आणि डिसेंबर 2024 ला बीव्हर क्रीकच्या जायंट स्लॅलममध्ये दुसरा आला. वर्ल्ड कपच्या पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, ब्राझील पहिल्यांदा! आणि आपला काश्मीरचा आरिफ खान 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. ऑलिंपिकमध्ये पहिल्या तीसचीच अट नसते, त्यामुळं 45 वा म्हणजे त्यानं दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या, त्या दिवशी कित्येक जणांना तेही जमलं नाही. संबंध बघायला बसल्यावरच जुळतो.

तर ताई, या हिवाळ्यात असं करा. नोव्हेंबरनंतर युरोपातली सकाळची फेरी बहुतेक वेळा आपल्या दुपारी अडीचच्या सुमारास असते, दुसरी साडेपाचच्या आसपास. पहिली फेरी संपली की वहीत तीस नावं उलटी लिहा, तिसावं सगळ्यात वर. प्रत्येकापुढं शिल्लक पैशांत लिहा. माझा भाचा चौथीत आहे, तो आता असंच लिहितो. परवा शेवटचे तीन उरले होते आणि लाईट गेली. तो वही घेऊन ओट्यावर जाऊन बसला, आणि लाईट येईपर्यंत त्या तिघांच्या शिल्लकीची वजाबाकी करत होता.