पाहुणे खाली कसे येणार?

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय बांधकामावरच्या सेफ्टी सुपरवायझरबद्दल. गळ्यात शिट्टी आणि हातात वही घेऊन स्लॅबवर फिरणारा हा माणूस दिसला, की मजूर घाईघाईने हेल्मेट चढवतात आणि त्याची पाठ वळली की काढून ठेवतात. हा माणूस तयार कसा होतो, खरं तर कसा व्हायला हवा, हा आजचा विषय.

मीही हे काम बरीच वर्षं केलं. माझं प्रशिक्षण चांगलं आठवडाभर चाललं होतं. पहिले दोन दिवस वर्गात बसून पडद्यावरची चित्रं पाहिली. त्या चित्रांतलं आज काहीही आठवत नाही, आणि मला वाटतं पडद्यावर शिकवलेलं कुणालाच आठवत नसावं. दिवे मालवले की माणूस झोपतो, हा निसर्गनियम आहे. आठवतो तो तिसरा दिवस.

आमचे मास्तर रिगिंगच्या, म्हणजे दोर-साखळ्यांनी अवजड सामान उचलायच्या कामात उभं आयुष्य काढलेले. त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना एका अर्धवट इमारतीच्या पहिल्या स्लॅबवर नेलं. जमिनीपासून उंची बरोबर ४ मीटर. तिथे त्यांनी कॅनव्हासचं एक बोचकं आणून ठेवलं होतं, दोन पायांसकट शिवलेलं, वाळूने भरलेलं, वजन ८० किलो. त्याला आम्ही सेफ्टी बेल्ट चढवला. आता बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे बरं का. खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांमधून जाणारा पूर्ण अंगाचा बेल्ट. कुणीतरी बोचक्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. माझ्या पिशवीतला जादाचा शर्ट काढून त्याच्या अंगात घातला, मला न विचारता. आमच्यात गवंडीकामात केस पांढरे झालेले एक मिस्त्री होते. ते म्हणाले, "आता कसे पाहुणे शोभतात!" त्या दिवसापासून ते बोचकं म्हणजे पाहुणे.

मास्तर म्हणाले, "पाहुणे आता कडेवर काम करणार. हुक अडकवा."

आमच्यातला एक तरतरीत पोरगा पुढे झाला. जवळच्या कॉलमच्या बुडाशी पक्का पट्टा गुंडाळलेला होता, त्यात त्याने खटकन हुक अडकवला आणि ओढून पाहिला. मास्तरांनी सगळ्यांना विचारलं, "काही चूक?" आम्ही एका सुरात "नाही सर." बेल्ट आहे, दोरी नवी आहे, हुक मजबूत जागी आहे. माझ्या वहीत तर मी बरोबरच्या तीन खुणाही केल्या. खालची जागा दोरी लावून मोकळी केलेली होती. मास्तरांनी पाहुण्यांना कडेवरून ढकललं.

धप्प असा आवाज झाला. पाहुणे जमिनीवर. हेल्मेट गडगडत लांब गेलं.

कुणीच काही बोललं नाही. मास्तरांनी खिशातून टेप काढला आणि तो तरतरीत पोराच्या हातात दिला. मोज म्हणाले. दोरी १.८ मीटर. बेल्टची कडी असते पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, म्हणजे पायापासून साधारण दीड मीटर वर. हुक पायाशी असला तर कडी आधी दीड मीटर खाली येते, मग आणखी १.८ मीटर, तेव्हा कुठे दोरी ताणली जाते. म्हणजे माणूस सव्वातीन मीटर नुसताच पडलेला. त्यानंतर दोरीवरची ती शिवलेली पिशवी, शॉक ॲब्सॉर्बर, धक्का खात उसवत जाते आणि आणखी मीटरभर लांबते. आणि कडीच्या खाली पाहुण्यांचं दीड मीटर अंग असतंच की! पडण्यातला पहिला दीड मीटर स्लॅबच्या वरचा, तो सोडा. १.८ अधिक १ अधिक दीड: स्लॅबच्या खाली ४.३ मीटर. स्लॅब किती उंच? ४ मीटर.

"आता रिपोर्टात काय लिहाल?" मास्तरांनी विचारलं. "बेल्ट घातला होता, हुक लावला होता, माणूस गेला. असंच ना?"

पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर पान मागे उलटता येत नाही. बेल्ट घातला का, हा प्रश्न पुरत नाही. हुक कुठे अडकवला? आणि माणूस पडला तर कुठवर जाईल?

पाहुण्यांना पुन्हा वर आणलं, नवी दोरी लावली. ताण बसलेली दोरी परत वापरायची नसते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. या खेपेला मिस्त्रींनी हुक अडकवला, वरच्या बीमला गुंडाळलेल्या पट्ट्यात, डोक्याच्या बऱ्याच वर. मास्तरांनी ढकललं. पाहुणे फूटभर खाली सरकले, एक गिरकी घेतली आणि कडेला लोंबकळत राहिले. आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "छान. आता पाहुण्यांना खाली आणा."

खरी गंमत इथून पुढे. तिघेजण धावत कडेवर गेले आणि वाकून पाहुण्यांचा पट्टा धरून ओढायला लागले. ८० किलोचं धूड, वर दोन गिरक्या अजून शिल्लक. एकाचा पाय सटकला तसे मास्तर कधी नव्हे ते ओरडले, "मागे व्हा! एक पाहुणा होता, आता चार करताय!" तिघांपैकी एकाच्याही अंगावर बेल्ट नव्हता. आणि हे तिघे कोण, तर उद्यापासून दुसऱ्यांना बेल्ट घाला म्हणून सांगणारे सेफ्टी सुपरवायझर. त्यात मीही एक, हे कबूल करून टाकतो.

मग शिडी शोधली. एक होती ती आखूड. लांब शिडी स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, चावी स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर जेवायला गेलेले. चावी आली, शिडी आली, लावली. कुणी कसं चढायचं, वजन कोण पेलणार, यावर वाद झाला. पाहुणे जमिनीला टेकले तेव्हा २२ मिनिटं झाली होती.

मास्तर शांतपणे म्हणाले, "बेल्टमध्ये न हलता लोंबकळणाऱ्या माणसाचं रक्त पायात साचत जातं. मांडीचे पट्टे आवळलेले असतात. काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते." म्हणून चांगल्या बेल्टला पाय टेकवायला पट्ट्याचा फास जोडलेला असतो, लटकलेल्याने त्यात पाऊल ठेवून उभं राहायचं आणि पाय हलवत राहायचं. पण जो बेशुद्ध आहे तो कसला उभा राहतोय! त्याला आपणच उतरवायचं, आणि कसं उतरवायचं ते काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं.

तर प्रश्न तीन. हुक कुठे अडकवला? पडला तर कुठवर जाईल? खाली कसा आणणार? हुक कुठे, कुठवर जाईल, खाली कसा.

आता प्रशिक्षणाबद्दल थोडं, वेळ आहे तेवढ्यात. हे प्रश्न फक्त बेल्टचे नाहीत. अमेरिकेतला गोल्डन गेट पूल बांधताना खाली जाळं लावलं होतं, त्या काळात नवीनच गोष्ट. त्या जाळ्याने १९ जणांना वाचवलं. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला कामाचा अख्खा मचाण निसटून जाळ्यात कोसळला. जाळं माणूस झेलायचं होतं, मचाण झेलायचं नव्हतं. ते फाटलं आणि १० माणसं गेली. जाळं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्यावर काय पडू शकतं, तेही विचारावं लागतं. खोदकामाचंही तसंच. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या आसपास वजन. चरात उतरलेल्याच्या छातीपर्यंत ती आली तरी त्याला श्वास घेता येत नाही. अशा वेळी डोक्यावरचं हेल्मेट काय करणार? मातीचा ढीग कडेपासून लांब आहे का, बाजूंना आधार आहे का, वर यायला शिडी जवळ आहे का, ते बघायचं.

आणि हल्ली जो तो मोबाइलवर फोटो काढतो. परांचीचा फोटो, खड्ड्याचा फोटो, फोटो काढणाऱ्याचा फोटो. घरच्या समारंभातही तेच चाललंय, वधूवरांकडे डोळ्यांनी कुणी बघतच नाही. माझ्या मते सुपरवायझरला पहिले सहा महिने फोन देऊ नये, वही द्यावी. लिहायचं म्हटलं की आधी बघावं लागतं.

दुसरं, त्याला काम थांबवायचा अधिकार हवा आणि तो वापरायची सवयही हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बांधकामातल्या सुरक्षिततेचा १९८८ चा करार आहे, क्रमांक १६७. जिवाला तातडीचा धोका आहे असं सबळ कारणाने वाटलं तर कामगार तिथून बाजूला होऊ शकतो, हे त्यात मान्य केलंय. मग सुपरवायझरच ठेकेदाराकडे बघत उभा राहिला तर बिगारी कुणाच्या तोंडाकडे बघणार? "थांबा" हा शब्द मोठ्याने म्हणायचा सरावसुद्धा करून घ्यावा लागतो. हसू नका. आमच्याकडून मास्तरांनी करून घेतला होता, आणि पहिल्या खेपेला निम्म्या जणांचा आवाज घशातच राहिला होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना पुन्हा ढकललं, न सांगता, सकाळी सकाळी. या वेळी शिडी कॉलमशी बांधून ठेवलेली होती, उतरवायचा दोर आणि कप्पी वर लावलेली होती, आणि कडेवर गेलेल्या दोघांचे हुक आधी बीमला होते. ६ मिनिटं लागली. मिस्त्रींनी पाहुण्यांना जमिनीवर निजवलं, बेल्ट सोडवला आणि त्यांच्या अंगावरची धूळ हाताने झटकली. शर्ट खांद्यावर फाटला होता. मी तो परत मागितला नाही.

नमस्कार.